हिस्सा नंबराची कुळकथा

घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखापर्यंत जिथे नवे बांधकाम चालू आहे तिथे पत्र्याच्या कुंपणावर परवानगीचा फलक लावलेला असतो. त्यावर मौजे कावेसर, मौजे वडवली, मौजे ओवळे असे गावाचे नाव, मग सर्वे नंबर, एक तिरकी रेघ आणि रेघेपलीकडे हिस्सा नंबर. इथल्या मजल्यांवर राहायला येणाऱ्या बहुतेकांना ती रेघ म्हणजे सरकारी आकडेमोड वाटते. खरे तर एकेका रेघेमागे एकेका घराची वाटणी आहे. कधीतरी दोन भाऊ किंवा चुलते-पुतणे वेगळे झाले, शेतात बांध पडला आणि गावाने तो मान्य केला. गावाची ही मान्यता कागदावर कशी आली, ते सांगायला हवे.

मोजणीचा कागद येण्याआधी जमिनीचा पुरावा म्हणजे माणसे. वाद उभा राहिला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारगावचे जाणते लोक जमत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. सही न येणारा आपल्या धंद्याची खूण काढी. पाटलाच्या नावापुढे नांगर असे. शिवेच्या भांडणात महाराची साक्ष निर्णायक मानत, कारण शीव राखण्याचे काम त्याचेच होते. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरे. या व्यवस्थेत अन्याय भरपूर होता. एक गोष्ट मात्र तिच्यात पक्की होती. निवाडा चारचौघांत व्हायचा आणि ऐकणारे सगळे त्याचे साक्षीदार असायचे.

इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्या मोजणीला हात घातला. 1847 च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम ठरले आणि पुढे ती मुंबई इलाखाभर गेली. हत्यार साधेच होते. 33 फुटांची साखळी आणि तिचे 16 आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, म्हणजे 1,089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. शेताच्या कोपऱ्यांवर दगड रोवले गेले, मोजणीचे टिपण झाले, नकाशा झाला आणि प्रत्येक शेताला सर्वे नंबर मिळाला. सारा खातेदाराच्या नावावर बसला. पण घर वाढते तसे शेत वाढत नाही. वाटण्या होत राहिल्या, त्या नंबराच्या पोटात. सरकारच्या वहीत एक नाव आणि शेतात चार बांध, असा हिशेब कितीतरी वर्षे चालला.

हे पोटातले बांध कागदावर आणण्याचे काम 1903 च्या हक्कनोंदणी कायद्याने सुरू झाले. 1913 मध्ये ती तरतूद 1879 च्या जमीन महसूल कायद्यात सामावली. पोटहिस्से मोजून त्यांना नंबर पडले आणि फलकावरच्या तिरक्या रेघेचा जन्म झाला. आजचा सातबारा याच घराण्यातला. गाव नमुना सात हक्काचा, नमुना बारा पिकाचा, दोन्ही एका कागदावर.

या साऱ्या व्यवस्थेचा प्राण फेरफारात आहे. खरेदी झाली, वारस लागले, वाटप झाले की तलाठ्याने नमुना सहामध्ये नोंद धरायची, चावडीवर नोटीस लावायची आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना कळवायचे. हरकत घ्यायला पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते, नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मगच सातबारा बदलतो. जुन्या नावाला कंस होतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो. एखाद्या जुन्या सातबाऱ्यावर कंसांची ओळ वाचत गेले तर आजोबा, मुलगे, सून, नातवंडे असे अख्खे घर उलगडते. वाटणीपत्र नोंदवा, तहसीलदारापुढे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप मागा, नाहीतर कोर्टाचा हुकूमनामा आणा, शेवटी वाट फेरफारातूनच जाते. आणि जिथे वाटप झालेलेच नाही तिथे सगळी नावे सामाईक क्षेत्रावर एकत्र राहतात, शेतात मात्र ज्याची त्याची वहिवाट.

वाटण्या किती बारीक होऊ द्यायच्या, हा प्रश्न लवकरच पुढे आला. शेतीतज्ज्ञ डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावचा अभ्यास 1917 साली प्रसिद्ध केला. 1771 मध्ये तिथे सरासरी 40 एकरांची असलेली धारणा 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आली होती. शेते जोडा, तुकडे थांबवा, अशी मागणी वाढली. तरुण भीमराव आंबेडकरांनी 1918 मध्ये लहान धारणांवरच लेख लिहून दुखणे वेगळे दाखवले. तुकडा लहान म्हणून शेती तोट्यात नाही; भांडवल अपुरे आहे आणि जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, म्हणून उद्योग वाढवा, असे त्यांचे म्हणणे होते. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात लहान धारणांचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. तरी 1947 मध्ये तुकडेबंदी कायदा झालाच. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडायचा नाही, असा त्याचा नियम. अलीकडे बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे आहे. कायद्याची भिंत उभी राहिली आणि लोक तिला वळसा घालून गेले. नोटरीच्या कागदावर गुंठागुंठा विकला गेला. अशा गुंठेवारीला नियमित करण्यासाठी 2001 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. मधल्या काळात कूळकायद्याने 1957 च्या 1 एप्रिलपासून कसणाऱ्या कुळाला मालक केले; तेव्हा सातबाऱ्यावर पहिल्यांदा नाव लागलेली घरे घोडबंदरच्या पट्टीतही आहेत.

घोडबंदरच्या पट्टीला आंबेडकरांनी मागितलेला उद्योग मिळालाही. कोळशेत-बाळकुमला रासायनिक कारखाने आले, गावची पोरे पाळीवर जाऊ लागली. 1982 मध्ये ठाणे महापालिका झाली आणि ही गावे शहराच्या हद्दीत आली. नंतर कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. आता गायमुखापर्यंत मेट्रोचे खांब आहेत. भात पिकवणारी आगरी-कोळ्यांची खाचरे चौरस फुटांत मोजली जाऊ लागली. पूर्वी हिस्सा नंबर भावाला भावापासून वेगळे करी. आता बिल्डर तेच हिस्से विकास करारनामा आणि कुलमुखत्यारपत्राने पुन्हा एकत्र बांधतो. आधी जे बांधावर बसून मिटायचे ते आता वकिलाच्या टेबलावर मिटते.

यात सर्वांत मोठी किंमत बहिणींनी मोजली. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केले आणि 2005 मध्ये तो हक्क देशभर झाला. त्याच काळात इथल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. भिवंडीला किंवा वसईला नांदणारी बहीण माहेरी येते, तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा होतो. पुष्कळदा ती राजीखुशीने सही करते. पण राजीखुशी म्हणायची तर हिस्सा किती आणि भाव काय, हे तिला आधी कळायला हवे. कळवण्याचे ते काम फेरफाराची नोटीस करू शकते, ती तिच्यापर्यंत पोचली तर.

हिस्सा नंबराच्या या प्रवासात मोलाची गोष्ट मला हीच वाटते. साखळी आणि नकाशा सरकारने दिला, पण वाटणी पक्की होत होती ती चारचौघांत सांगितली गेल्यामुळे. महजरापासून चावडीवरच्या नोटिशीपर्यंत तो धागा अखंड आहे. गाव शहरात मिसळल्यावर कागद राहिला, चावडी मात्र उरली नाही. तलाठ्याचे पद आता ग्राम महसूल अधिकारी झाले, सातबारा मोबाइलवर आला आणि नोटिसा ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर दिसू लागल्या. ही सोय चांगलीच आहे. पण ज्या म्हाताऱ्या आत्याचे नाव कंसात जाणार आहे, ती संकेतस्थळ उघडून बसणार नाही.

म्हणून महसूल खात्याची चावडी वाचनाची जुनी रीत शहरात मिसळलेल्या गावठाणांतही नेमाने चालली पाहिजे. ओवळ्याच्या, कासारवडवलीच्या, बाळकुमच्या गावठाणात एखाद्या देवळाच्या ओट्यावर महिन्यातून एकदा त्या महिन्याचे फेरफार मोठ्याने वाचले जावेत. सासरी गेलेल्या मुलींना आधी निरोप जावा. नव्या टॉवरांतल्या रहिवाशांनीही तिथे येऊन बसावे, कारण त्यांचे घर ज्या हिस्सा नंबरावर उभे आहे त्याचा वाद उद्या त्यांच्याच दारात येतो. याला नवा कायदा लागत नाही. नोंद धरणाऱ्याने ती वाचून दाखवायची आणि हक्क असणाऱ्याने पंधरा दिवसांत तोंड उघडायचे, एवढेच लागते.