तांदळाचा कोंडा आणि बधिर पावले

पावलांच्या बोटांना प्रथम मुंग्या येतात. मग तळव्याखाली फरशी आहे की कापसाची गादी, हे कळेनासे होते. रात्री आग होते, पोटऱ्यांतले बळ जाते, आणि एके दिवशी पायातली चप्पल केव्हा निसटली याचा पत्ताही लागत नाही. हातापायांच्या मज्जातंतूंचा हा विकार आज पुष्कळ घरांच्या परिचयाचा आहे व त्याचे मोठे कारण मधुमेह हे होय. अशा घराच्या कपाटात जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची बाटली हटकून सापडते, आणि ‘थोडे चालत जा’ हा उपदेशही रुग्णाच्या कानी वारंवार पडतो. गोळी आणि व्यायाम ही जोडी आली कोठून, याचा मागोवा घेऊ गेल्यास वाट जाते ती जपानच्या आरमाराकडे आणि जावा बेटातील कोंबड्यांच्या एका खुराड्याकडे.

पूर्वेकडील भातखाऊ देशांत बेरीबेरी नावाचा रोग फार जुना. डच वैद्य बोन्टियस याने जावातील या रोगाचे वर्णन सतराव्या शतकातच करून ठेवले आहे. रोगाच्या एका प्रकारात अंग सुजून हृदय थकते. दुसऱ्या, ‘कोरड्या’ प्रकारात पावलांपासून बधिरपणा वर चढत जातो, पाय उचलवत नाहीत आणि रोगी लुळा पडतो. हा दुसरा प्रकार म्हणजे मज्जातंतूंचाच विकार. आणि मौज अशी की, रोग जुना असला तरी त्याने खरे थैमान घातले ते एकोणिसाव्या शतकात, तांदूळ पांढराशुभ्र करणाऱ्या वाफेच्या गिरण्या आल्यावर.

जपानच्या आरमारात १८७८ साली दर तीन खलाशांमागे जवळजवळ एकास बेरीबेरी होत असे. लढावयाचे कोणी आणि जहाज हाकावयाचे कोणी, असा प्रश्न होता. ताकाकी कानेहिरो हे आरमाराचे वैद्य लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिकून १८८० साली परतले होते. त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. अधिकाऱ्यांना हा रोग क्वचित होई, खलाशांना सर्रास होई. आणि दोघांच्या राहणीत मोठे अंतर होते ते ताटात. खलाशी पोटभर पांढरा भात खात व तोंडी लावण्यास जवळजवळ काही घेत नसत. १८८३ साली ‘र्यूजो’ हे शिकाऊ जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका, हवाई असा फेरा करून परतले, तेव्हा त्यावरील ३७६ माणसांपैकी १६९ आजारी पडली होती व २५ मरण पावली होती. पुढल्याच वर्षी ताकाकी यांनी खटपट करून ‘त्सुकुबा’ हे जहाज त्याच मार्गाने पाठविले. बदल केला तो फक्त शिध्यात. मांस, दूध, पाव, जव यांची भर घातली. हे जहाज परतले तेव्हा रोगी पंधराच्या आसपास निघाले, आणि मृत्यू एकही नाही. पुढे खलाशांना पाव रुचेना म्हणून भातात जव मिसळण्याची प्रथा पडली आणि थोड्याच वर्षांत आरमारातून बेरीबेरी हद्दपार झाली.

आता येथे कोणासही वाटेल की, हा दाखला पाहून जपानच्या लष्करानेही तोच मार्ग धरला असेल. तसे घडले नाही. लष्कराचे वैद्य जर्मनीत शिकलेले. त्यांच्या मते रोग म्हटला की त्यामागे जंतू असलाच पाहिजे. ताकाकी यांची उपपत्ती, म्हणजे अन्नात मांसवर्धक द्रव्य कमी पडते ही, त्यांना अशास्त्रीय वाटली. पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती पावलेले मोरी ओगाई हे या विरोधकांत प्रमुख होते. आणि दुर्दैव असे की, उपपत्तीपुरते पाहिले तर विरोधकांचे म्हणणे चूक नव्हते! ताकाकी यांचे कारण खरोखरच चुकले होते. उपाय मात्र बिनचूक होता. १९०४-०५ च्या रुसो-जपानी युद्धात लष्करातील सुमारे २,५०,००० सैनिकांना बेरीबेरी झाली व त्यांपैकी सुमारे २७,००० दगावले. वीस वर्षांपूर्वी ज्या रोगाचा बंदोबस्त शेजारच्याच दलाने मूठभर जवाने केला होता, त्या रोगाने हे बळी घेतले. विद्वत्तेचा अभिमान किती महाग पडतो, याचे याहून कठोर उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच मिळेल.

इकडे जावात डच सरकारने याच रोगाच्या तपासासाठी १८८६ साली एक मंडळ पाठविले होते. त्यातील तरुण वैद्य क्रिस्तियान आइकमान मागे राहिले व बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथील प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. तेही जंतूच शोधीत होते. एके वर्षी प्रयोगशाळेतील कोंबड्या अकस्मात लटपटू लागल्या. पाय लुळे, मान वाकडी, आणि मज्जातंतू तपासले तर ते बेरीबेरीच्या रोग्याप्रमाणेच झिजलेले. रोग आवारात फैलावला, आणि नोव्हेंबरअखेर आपोआप नाहीसा झाला. चौकशीअंती कळले ते असे : जूनपासून कोंबड्यांचा रखवालदार काटकसरीखातर लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात त्यांना घालीत होता. नोव्हेंबरात आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने सांगितले की, लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही! कोंबड्या पुन्हा कोंड्यासकट तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. त्या खमक्या आचाऱ्याचे नाव मात्र इतिहासाने नोंदविले नाही.

आइकमान यांचे मित्र फोर्डरमन यांनी मग जावातील १०१ तुरुंगांची पाहणी केली. कोंड्यासकट तांदूळ देणाऱ्या ३७ तुरुंगांपैकी केवळ एकात बेरीबेरी आढळली. पांढरा तांदूळ देणाऱ्या ५१ पैकी ३६ तुरुंगांत ती होती. आइकमान यांनी यावरून तर्क बांधला की, भाताच्या पिठूळ भागात काही विष असावे व कोंडा त्यावर उतारा असावा. म्हणजे त्यांचेही कारण चुकलेच. त्यांच्या जागी आलेल्या ग्राइन्स यांनी १९०१ साली खरा अर्थ सांगितला : विष वगैरे काही नाही, कोंड्यात असे काहीतरी आहे की ज्यावाचून मज्जातंतू जगू शकत नाहीत. ‘असलेल्या’ वस्तूने रोग होतो हे जगास पटत होते. ‘नसलेल्या’ वस्तूनेही होतो, हे पटावयास वेळ लागला. १९२९ सालचे नोबेल पारितोषिक आइकमान यांना हॉपकिन्स यांच्याबरोबर विभागून मिळाले. ग्राइन्स यांच्या वाट्यास ते आले नाही.

याच सुमारास मलायातून आलेला पुरावा कोकण-गोमंतकातील माणसास आपलासा वाटेल. तेथील कथिलाच्या खाणींतील चिनी मजूर पांढरा तांदूळ खाऊन बेरीबेरीने पटापट मरत, आणि शेजारी राबणारे तामिळ मजूर मात्र सुखरूप राहत. ब्रॅडन या वैद्याने १९०७ साली दाखवून दिले की, तामिळ मजूर उकडा तांदूळ खातात. त्याच्या थोडे आधी क्वालालंपूरच्या वेड्यांच्या रुग्णालयात फ्लेचर यांनी रुग्णांचे दोन गट करून एकास पांढरा व दुसऱ्यास उकडा तांदूळ दिला होता. पहिल्या गटातील १८ जण बेरीबेरीने गेले, दुसऱ्यातील एकही नाही. भात भिजवून, वाफ देऊन, वाळवून मग सडला की कोंड्यातले सत्त्व दाण्याच्या गाभ्यात मुरते. नंतर कोंडा गेला तरी सत्त्व सारे जात नाही. रत्नागिरी, मालवण, गोवा या बाजूची उकड्या तांदळाची पेज ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या प्यायली, त्यांना हे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. लाभ मात्र मिळत गेला.

पुढील टप्पे थोडक्यात. १९१२ साली फुंक यांनी ‘व्हिटॅमीन’ हा शब्द घडविला. १९२६ साली यान्सेन व डोनाथ यांनी जावातच कोंड्यातून त्या द्रव्याचे शुद्ध स्फटिक काढले, आणि १९३६ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी अमेरिकेत ते कृत्रिम रीतीने तयार केले. हे विल्यम्स जन्मले नेल्लोरास, मिशनरी आईबापांच्या पोटी. तरुणपणी मनिला येथे त्यांनी कोंड्याचा अर्क थेंबथेंब पाजून बेरीबेरीने मरावयास टेकलेली तान्ही मुले वाचताना पाहिली होती व पुढली पंचवीस वर्षे त्या ध्यासात घालविली. हेच ते ब-१ जीवनसत्त्व, थायामिन. अन्नातील शर्करेपासून शक्ती काढण्याच्या कामी शरीरास ते अवश्य लागते. ते तुटले की मज्जातंतूंची उपासमार होते, आणि सर्वांत लांब तंतू पावलांकडे जात असल्याने पहिली कळ तेथे लागते.

म्हणून गोळी आली. परंतु या इतिहासातून गोळीविषयी एक गोष्ट स्पष्ट दिसते, आणि बाटलीवरच्या जाहिरातीत नेमकी तीच नसते. थायामिनने बेरीबेरीचा रोगी उठला, कारण त्याच्या शरीरात थायामिन नव्हते. मद्यप्याच्या बधिर पायांना ते उपयोगी पडते ते याच कारणाने. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यास ब-१२ कमी पडू शकते. रक्त तपासून ते कमी निघाले तर ते घ्यावेच. जेथे उणीव नाही, तेथे गोळी काय भरून काढणार? किंबहुना ती अपायही करू शकते. १९८३ साली अमेरिकेतील वैद्यांनी सात रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. ते रोज दोन ते सहा ग्रॅम ब-६ जीवनसत्त्व घेत होते. शरीराची रोजची गरज एकदोन मिलिग्रॅमची. या सातांचे हातपाय बधिर झाले होते ते त्या गोळ्यांनीच!

उणीव भरून निघाली तरी मज्जातंतू लगेच सावरत नाही. बेरीबेरीत थकलेले हृदय थायामिनने काही तासांत उभारी धरते. झिजलेला तंतू मात्र दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंतच्या वाटेस वर्षाहून अधिक काळ लागावयाचा. काही तंतू तर परतही येत नाहीत. या काळात माणसाने चालावे कसे?

याचे उत्तर भातखाऊ देशांतून आले नाही. स्वित्झर्लंडमध्ये हाइडेन या डोंगराळ गावी हाइनरिक फ्रेंकेल नावाचे वैद्य होते. त्यांचे रोगी उपदंशाने कण्याजवळचे संवेदनतंतू नष्ट झालेले. पायांत बळ आहे, पण पाय कोठे आहे हे कळत नाही; अंधारात उभे राहिले की पडावयाचे. १८८७ च्या सुमारास एक रोगी डोळे मिटून बोट नाकास लावण्याच्या परीक्षेत सपशेल नापास झाला. काही काळाने तो परत आला तो चांगला पास होऊन. फ्रेंकेल चकित झाले. विचारता कळले की, या गृहस्थाने परीक्षेत पुन्हा उतरावे म्हणून घरी रोज सराव केला होता!

तंतू काही परत आले नव्हते. परंतु जे थोडे उरले होते त्यांजकडून, आणि डोळ्यांकडून, मेंदूने काम करवून घेण्यास शिकून घेतले होते. यावरून फ्रेंकेल यांनी व्यायामाची एक पद्धतच बसविली. जमिनीवर पावलांची चित्रे व वळणावळणाच्या रेषा काढावयाच्या. रोग्याने त्यांवर दृष्टी ठेवून, आकडे मोजीत, सावकाश पाऊल टाकावयाचे. जोर नको, घाई नको, थकवा येण्यापूर्वी थांबावयाचे. मधुमेहाने बधिर झालेल्या पावलांसाठी आज तोल सांभाळण्याचे व चालण्याचे जे व्यायाम सांगतात, त्यांनीही चालण्यात स्थिरता येते व पडण्याची धास्ती कमी होते, असा अनुभव आहे. मात्र व्यायामानंतर जोडे काढून तळवे डोळ्यांनी, आणि दृष्टी अधू असल्यास घरातील कोणाकडून तरी, तपासून घ्यावे लागतात. कारण खडा रुतला तरी ते पाऊल ओरडत नाही.