दत्तक, विधवा आणि 1956

हिंदू स्त्रीला मूल दत्तक घेण्याचा हक्क 1956 च्या कायद्याने पहिल्यांदा दिला, असे भाषणांत आणि परीक्षेच्या पुस्तकांत सर्रास सांगितले जाते. मिथिलेपुरते ते चालून जाईल. मुंबई इलाख्याच्या बाबतीत ते साफ चूक आहे.

वादाचे मूळ वसिष्ठाच्या एका सूत्रात आहे. नवऱ्याच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने मुलगा देऊ नये, घेऊही नये, असा त्याचा आशय. मग नवरा वारला असेल तर? मिथिलेचे पंडित म्हणाले, अनुज्ञा देणाराच उरला नाही, तेव्हा विधवेला दत्तक नाहीच. बंगालने नवऱ्याने हयातीत दिलेली परवानगी चालवून घेतली. द्रविड देशात सपिंडांची, म्हणजे नवऱ्याच्या जवळच्या भाऊबंदांची, संमती पुरेशी ठरली. आणि मूळच्या पैठणच्या, काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने ‘व्यवहारमयूखा’त सरळ सांगितले की ही अट सधवेपुरती आहे. सूत्र एकच, पण कायदे चार झाले. ‘शास्त्राने बंदी घातली होती’ म्हणणाऱ्यांनी कोणत्या प्रांतातल्या, तेवढे तरी सांगावे.

हा नुसता पोथीतला वाद नव्हता. 1827 मध्ये दौलतराव शिंदे दत्तक न घेताच वारले, तेव्हा त्यांच्या विधवा पत्नी बायजाबाईंनी जनकोजीला दत्तक घेतले. ते राजघराणे म्हणून बाजूला ठेवू. पण 1868 मध्ये रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केले की मराठी मुलखातली विधवा, नवऱ्याची मनाई नसेल तर, त्याच्या परवानगीवाचून आणि भाऊबंदांना न विचारता दत्तक घेऊ शकते. नवरा एकत्र कुटुंबात वारला असेल तर काय, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत राहिला. 1933 मध्ये भीमाबाईच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तोही विधवेच्याच बाजूने सोडवला.

या हक्काला धार किती होती, हे कांगो कुटुंबाच्या खटल्यात दिसते. नवरा 1897 मध्ये वारला आणि बाईंनी दत्तक घेतला 1944 मध्ये. जुन्या नियमाप्रमाणे दत्तक नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनचा धरायचा. म्हणजे सत्तेचाळीस वर्षे भाऊबंदांनी बिनघोर खाल्लेल्या वडिलार्जित मालमत्तेत अचानक वाटेकरी उभा राहिला. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वाटा मानला. दुसऱ्या शाखेतल्या भाऊबंदाच्या मालमत्तेवरचा दावा तेवढा फेटाळला. दत्तकविधान म्हटले की भाऊबंदांच्या पोटात गोळा का येई, ते यावरून कळते.

पण म्हणून ‘आमच्याकडे स्त्रीला सगळे आधीच होते’ अशी मिशांवर ताव मारण्याचीही गरज नाही. विधवा दत्तक घेई तो नवऱ्याचा वंश चालवायला. मुलगा कायद्याने त्या मृताचा. मुलगी दत्तक चालत नसे. उलट मुंबई इलाख्यात लग्न झालेला, पोराबाळांचा बाप असलेला गृहस्थही मांडीवर घेता येई! त्यात पोरक्या मुलाचा किंवा बाईच्या आईपणाचा विचार कितीसा असणार? बहुतेक विचार वतनाचा आणि पिंडाचा.

1956 चे खरे नवेपण इथे आहे. अविवाहित आणि घटस्फोटित स्त्री स्वतःसाठी दत्तक घेऊ लागली, मुलगीही घेता येऊ लागली. त्याच कायद्याच्या बाराव्या कलमाने मात्र विधवेच्या हातातले जुने हत्यार काढून घेतले: दत्तकाआधी दुसऱ्याकडे रीतसर गेलेली मालमत्ता आता दत्तकाच्या नावाने परत मागता येत नाही.

आणि नवऱ्याबरोबर संसार करणाऱ्या विवाहितेला काय मिळाले? नवरा दत्तक घेत असेल तर संमती देण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क. स्वतः दत्तक घेण्याचा हक्क तिला, नवरा वेडा ठरणे, संन्यास घेणे किंवा धर्मांतर करणे असे काही अपवाद सोडले तर, 2010 च्या दुरुस्तीपर्यंत नव्हता. आता तो आहे, नवऱ्याच्या संमतीने. नीलकंठाने सधवेला घातलेली अट हीच होती. फरक एवढाच की 1956 पासून नवऱ्यालाही बायकोची संमती घ्यावी लागते.