असईची लढाई आणि उशिराचे पदक

जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या कंपनी सैन्याने दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. शिंद्यांच्या कवायती पायदळाचे नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या जर्मन अधिकाऱ्याकडे होते. विजयी गोऱ्या पलटणींना मानध्वज त्याच वर्षी जाहीर झाले. व्यक्तिगत 'आर्मी ऑफ इंडिया' पदक मात्र १८५१ मध्ये, तब्बल ४८ वर्षांनी मंजूर झाले. तेही हयात सैनिकांपुरतेच. विसाव्या वर्षी लढलेला शिपाई तोवर अडुसष्टीचा झालेला! साहजिकच बहुसंख्य देशी शिपाई पदकाविना राहिले. तोफांजवळच धारातीर्थी पडलेल्या शिंद्यांच्या गोलंदाजांची तर अशा पदकपटात नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता.