परवाना नव्हता, हे सिद्ध कोणी करायचे? वाहनविम्यातील शाबितीच्या भाराची कथा

१/ रस्त्यावर अपघात होतो, घरातील कर्ता माणूस जातो. वारस भरपाई मागतात, तेव्हा विमा कंपनी म्हणते : ‘चालकाकडे वैध परवाना नव्हता, आम्ही देणे लागत नाही.’ आता परवाना होता हे वारसांनी दाखवायचे, की नव्हता हे कंपनीने? भारतीय न्यायालयांत हा प्रश्न अनेक दशके गाजला. त्याचा हा धागा.

२/ मूळ नियम १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात आहे. कलम १०१ नुसार जो एखादी गोष्ट ठामपणे मांडतो, त्यानेच ती सिद्ध करायची. यालाच ‘शाबितीचा भार’ म्हणतात. कलम १०६ मात्र सांगते की जी गोष्ट एखाद्याला विशेषत्वाने ठाऊक असते, ती त्याने सिद्ध करावी. पुढचा सारा वाद या दोन कलमांच्या ओढाताणीतून उभा राहिला.

३/ ब्रिटनने १९३० च्या कायद्याने वाहनधारकांवर त्रयस्थांसाठी विम्याची सक्ती केली. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशीच तरतूद आली. पण विम्याचे ते प्रकरण प्रत्यक्ष लागू झाले १ जुलै १९४६ रोजी. हेतू स्पष्ट होता : धडक देणारा कंगाल निघाला, तरी बळी पडलेल्याचे कुटुंब उघड्यावर पडू नये.

४/ पण कायद्याने कंपनीलाही काही बचाव दिले. कलम ९६(२) मध्ये त्यांची यादी होती आणि विनापरवाना चालक हा त्यांतला एक. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की ही यादी बंदिस्त आहे. तिच्याबाहेरचा बचाव कंपनीला स्वतःच्या नावाने घेता येणार नाही. बचाव कोणते, हे ठरले. ते सिद्ध कसे करायचे, हे ठरायचे होते.

५/ त्याचे उत्तर गोव्यातील एका खटल्यातून आले. कंपनीने चालकाकडे परवाना नसल्याचा आक्षेप घेतला. उलटतपासणीत त्याला परवान्याविषयी विचारण्यात आले, पण परवाना न्यायालयापुढे आला नाही. तेवढ्यावर कंपनी जबाबदारीतून सुटली होती. कंपनीचा युक्तिवाद सरळ होता : परवाना ज्याच्या खिशात, त्यानेच तो दाखवावा.

६/ १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. करारभंग झाला असे कंपनी म्हणते, तर तो सिद्ध करण्याचा भारही तिचाच. उलटतपासणीतील एका प्रश्नाने तो उतरत नाही. परवान्यांची नोंद सरकारी दप्तरी असते. ती मागवून न्यायालयापुढे ठेवणे कंपनीला शक्य होते. कंपनीला निसटता यावे म्हणून पुरावा पुरवण्याचे बंधन चालकावर नव्हते.

७/ दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, गुजरातमधील स्कँडिया विमा कंपनीचा खटला निकाली निघाला. ट्रकचालक इंजिन सुरू ठेवून समोरच्या दुकानातून खायला आणायला उतरला. परवाना नसलेल्या क्लीनरने ट्रक हाकला आणि जीवघेणा अपघात झाला. क्लीनरकडे परवाना नव्हता, यावर वाद नव्हताच. मग कंपनी सुटली का?

८/ नाही. न्या. ठक्कर व न्या. रे यांच्या पीठाने विचारले : यात मालकाचा भंग कोणता? त्याने परवानाधारक चालक नेमला होता. वाहन त्याच्याच हाती सोपवले होते. मालकाने आपल्या परीने सारे केले असेल, तर करार त्याने मोडला असे म्हणता येत नाही. म्हणजे ‘परवाना नव्हता’ एवढे पुरेसे नाही. मालकाचा दोषही दाखवावा लागतो.

९/ २००४ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने हे सारे एकत्र बांधले. परवाना बनावट, मुदत संपलेला किंवा मुळातच नसलेला, काहीही असो. मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध करायचे. उणीव अपघाताला कारणीभूत ठरण्याइतकी मूलभूतही हवी. बचाव सिद्ध झाला, तरी न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकते : आधी वारसांना पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा.

१०/ त्रयस्थाचा दावा आणि मालकाचा स्वतःच्या वाहनासाठीचा दावा यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात आपली हानी मालकाने दाखवायची. पॉलिसीतील अपवादावर बोट ठेवायचे असेल, तर तो कंपनीने सिद्ध करायचा. २०२० च्या एका निकालात चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरची पोलीस फिर्याद त्याच दिवशी झाली होती, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवले गेले. केवळ या विलंबावरून खरा दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले.

११/ १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. जुने कलम १०१ आता १०४ झाले आहे आणि १०६ हे १०९. आकडे बदलले, तत्त्व तेच राहिले.

१२/ शाबितीचा भार हा कोरडा तांत्रिक शब्द वाटतो. पण पुरावा कोणाकडेच नसेल, तेव्हा कोण हरणार, हे तोच ठरवतो. हा भार वारसांवर असता, तर ज्यांनी त्या चालकाला कधी पाहिलेही नाही, त्यांना त्याचा परवाना शोधत कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले असते. न्यायालयांनी तो त्या खांद्यावर ठेवला, जिथे वकील, तपासनीस आणि साधने होती.

(धागा समाप्त)