हात कोणाच्या हातात?

मंडळी, आमच्या फलटणला आता असं घर विरळा, की ज्यातलं एखादं पोर पुण्याला, बंगळूरला नाहीतर थेट परदेशात नाही. दोन दिवस फोन आला नाही की आई रामाच्या देवळाच्या दिशेने हात जोडते आणि म्हणते, "बाबा रे, तुझ्या हवाली केलंय." माझी धाकटी परदेशी गेल्यापासून मीही तेच म्हणते. म्हणते खरी, पण मुलाला देवाच्या हवाली करायचं म्हणजे नक्की काय करायचं? असा विचार आला की मला हटकून पंडिता रमाबाई आठवतात.

त्यांचं केडगाव इथून फार लांब नाही. बारामतीवरून पुढे गेलं की पुणे-दौंड लोहमार्गावर ते लागतं. रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचं धर्मांतर, मुक्ती मिशन यांबद्दल आपण शाळेपासून वाचत आलो. त्यांच्यातल्या आईकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही.

सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करायला हवी. अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला माणूस. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेत होतं. जवळचं सगळं दानधर्मात संपलेलं, मजुरीची सवय नाही आणि भीक मागायची लाज. तिरुपतीजवळच्या जंगलात झाडपाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. अंध झालेल्या अनंतशास्त्रींनी पवित्र तीर्थात देह ठेवायचं ठरवलं आणि सगळ्यांचा निरोप घेतला. धाकट्या रमेला जवळ घेऊन त्यांनी सांगितलं की, तुझा हात मी देवाच्या हातात दिला आहे, आता जन्मभर त्याचीच सेवा कर. तो जलसमाधीचा बेत मुलाने मोडला, पण त्यानंतर लवकरच शास्त्रीबुवा गेले. मागोमाग आई गेली, मग मोठी बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या.

ही आठवण रमाबाईंनी १९०७ साली, ख्रिस्ती होऊन वीसेक वर्षं लोटल्यावर लिहिली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वडिलांचा देव मागे राहिला, पण त्यांनी कुणाच्या तरी हातात दिलेला आपला हात त्या विसरल्या नाहीत.

पुढे त्यांच्यावर तीच वेळ आली. मनोरमेचा जन्म १८८१ चा. ती वर्षाचीही नव्हती तेव्हा वडील, बिपिनबिहारी मेधावी, कॉलऱ्याने गेले. आईबरोबर तीही इंग्लंडला गेली आणि १८८३ मध्ये वाँटेजला दोघींनी बाप्तिस्मा घेतला. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा मनोरमा तिथे शिकत होती. आई केडगावी परतली, मुलगी शिक्षणासाठी मागे राहिली. त्या काळी बोटीने पत्र यायला आठवड्यांमागून आठवडे जात. तिकडे लेक आजारी पडली तर ते पत्र आईच्या हातात पडेपर्यंत ती बरी तरी झालेली असायची, नाहीतर... आपण इथे मेसेजच्या दोन निळ्या खुणा दिसल्या नाहीत तरी कासावीस होतो!

मग रमाबाई देवावर सोपवून स्वस्थ बसल्या का? अजिबात नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग आला तेव्हा, १८९७ मध्ये, प्लेगच्या इस्पितळात बायकामुली सुरक्षित नाहीत असं 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहून त्यांनी सरकारला धारेवर धरलं. लोकांच्या लेकीबाळींसाठी माणसांशी भांडायचं आणि स्वतःची लेक देवावर सोपवायची, अशी ही बाई. मला यात विसंगती वाटत नाही. जिथे आपला हात पोचतो तिथे तो चालवायचा, पोचत नाही तिथेच सोपवायचं. उलटं केलं की श्रद्धेचा आळस होतो.

मनोरमा परत आली. आईच्या कामात पडली, मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली, शाळा सांभाळली, मिशनच्या कामासाठी ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन आली. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागलं होतं. त्यांच्यामागे हा व्याप लेकच पाहणार, हे जवळपास ठरल्यासारखं होतं. आणि २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मनोरमाच गेली. आठ-साडेआठ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईही गेल्या. मधल्या काळात हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचं त्यांचं काम थांबलं नाही. ते पुरं करूनच त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये.

इथे प्रामाणिकपणे विचारायला हवं, की मग त्या विश्वासाचं फळ काय मिळालं? अनंतशास्त्रींनी देवाच्या हाती दिलेली मुलगी तरली. रमाबाईंनी दिलेली मुलगी चाळिशीत गेली. हिशोब मांडला तर जुळत नाही. मला वाटतं तो जुळायचाच नसतो. देवाच्या हवाली करणं म्हणजे विम्याचा हप्ता भरणं नव्हे. आपण धरून ठेवलं म्हणून पोर सुरक्षित राहील हा भ्रम सोडायचा, आणि तिला तिच्या वाटेने, तिच्या कामाने जाऊ द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ असावा. मनोरमेला केडगावी पदराखाली ठेवली असती, तर तिची ती चाळीस वर्षं एवढी भरलेली असती का?

असो. फोन दोन दिवस आला नाही तर माझा जीव आजही टांगणीला लागतोच. हात जोडते आणि मग उठून हातातलं काम करते. तुम्ही काय करता, जरूर कळवा.