माळवदाचं घर आणि तिसरा मजला

राळेगणसिद्धीहून तुमची गटाची ताई बोलतेय. आज बचतीच्या हिशोबाचं नाही, घराचं बोलायचंय.

गेल्या वर्षी माझी धाकटी जाऊ गाव सोडून शिरूरला राहायला गेली. माझे दीर रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. रोजचं जाणं-येणं, रात्रपाळी, मोटारसायकलवरचा प्रवास. त्यात थोरली मुलगी शाळेत जाऊ लागली. शेवटी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी गटाची बैठक होती. जावेनं पासबुक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "ताई, माझं नाव काढा आता." तिचे डोळे भरले होते. एक मावशी म्हणाल्या, "अगं, त्या डब्यात कशी राहशील? ना ओटा, ना परसदार." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. उठून चुलीपाशी जाऊन बसल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मनात आलं, घर सोडून इमारतीत राहायला जाणारी आमची जाऊ काय पहिलीच बाई आहे? तिच्याआधी ज्या गेल्या त्यांचं काय झालं? तेच आज तुम्हाला सांगते.

आपला पारनेर तालुका अवर्षणप्रवण. पाऊस कमी, जमीन उताराची. त्यामुळे मुंबईची वाट आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक. कुणी गिरणीत गेलं, कुणी माथाडी झालं, कुणी गोदीत लागलं. 1972 च्या दुष्काळात तर गावंच्या गावं खडी फोडायला गेली. तेव्हा बहुतेक गडी मुंबईला जायचे आणि बाया इथं राहायच्या. घर, म्हातारी माणसं, दोन शेळ्या आणि महिन्याच्या मनिऑर्डरीची वाट. 1975 नंतर आपल्या गावात अण्णा हजारे यांच्या पुढाकारानं नालाबंडिंग, पाझर तलाव, झाडं अशी कामं झाली, विहिरींना पाणी आलं आणि पोटासाठी गाव सोडणं कमी झालं. म्हणून आज कुणी निघालं की आपल्याला जास्त लागतं. पण फरक बघा. तेव्हा एकटा गडी जायचा, आता सगळं कुटुंब जातं. तेव्हा पाणी नाही म्हणून जायचे, आता शाळा आणि पगार यांच्यासाठी जातात.

मुंबईला गेलेली माणसं राहायची कुठं? त्याची गोष्ट सुरू होते प्लेगपासून. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, उघडी गटारं. 1898 साली सरकारनं शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनं जुनी घरं पाडली पुष्कळ, बांधली त्यामानानं कमी. तरी त्याच्या बीआयटी चाळींत हजारो कष्टकरी कुटुंबं वाढली. परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांनी वर्षानुवर्षं संसार केला. पुढं 1920 साली सरकारनं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, काढलं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं त्यांच्या 207 इमारती उभ्या राहिल्या. तळमजला धरून चार मजले, एका इमारतीत 80 खोल्या. एक खोली साधारण 160 चौरस फुटांची. आपल्या घराची ओसरी असते ना, तेवढीच. संडास मजल्यावर, सगळ्यांना मिळून.

अशा एका खोलीत कुटुंब तर राहायचंच, पण गावाकडचे पाहुणे, भाचे, पुतणेही राहायचे. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. या सगळ्यांना जेवण कोण घालत होतं? बायाच. एका चुलीवर दहा-दहा, पंधरा-पंधरा गिरणी कामगारांच्या भाकरी थापणाऱ्या खानावळवाल्या. किराणा उधार, सावकाराचं व्याज भरमसाट, आणि हिशोब सगळा तोंडी. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अशा बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण नसलेल्या बाईला बँक उभं करत नव्हती, म्हणून बायांनी एकमेकींची हमी घेतली. मैत्रिणींनो, आपण बचत गटात आज तेच करतो. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुरुषांचा पगार थांबला तेव्हा अनेक घरं बायांच्या हाताच्या कमाईवरच तगली.

आता फ्लॅटचं. चाळीत खोली आपली आणि नळ-संडास सगळ्यांचा. फ्लॅट म्हणजे स्वयंपाकघर, मोरी, संडास सगळं एका दाराच्या आत. मुंबईत गावदेवीला 1915 साली सारस्वत समाजातल्या लोकांनी सहकारी गृहनिर्माण सोसायटी स्थापन केली. ती देशातल्या अगदी पहिल्या सोसायट्यांपैकी एक. पुढं 1920 आणि 1930 च्या दशकांत दादर, माटुंगा, शिवाजी पार्क इथं फ्लॅटच्या इमारती उठल्या. तेव्हा लोकांना सर्वांत जड काय गेलं असेल? घरात संडास! चुलीच्या भिंतीपलीकडं संडास म्हणजे विटाळ, असं वाटायचं. म्हणून कितीतरी इमारतींत तो मागच्या बाजूला, गॅलरीच्या टोकाला ठेवला. आज हसू येतं. पण पहाटेच्या अंधारात डबा घेऊन बाहेर जाणं काय असतं, ते आपल्यातल्या थोरल्यांना विचारा. पोटात दुखलं तरी उजाडायच्या आत नाहीतर रात्र झाल्यावर. त्या एका दाराच्या आतल्या संडासानं बाईला किती मोकळं केलं, हे पुरुषांच्या इतिहासात लिहिलेलं सापडत नाही.

पुण्यात वाडा सुटला तो वेगळ्या कारणानं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे बसले. लोक आधी निसन हटमध्ये राहिले, मग नव्या वसाहतींत गेले. शेजारीपाजारी, जे पिढ्यान् पिढ्या एका चौकात राहिले, ते चार दिशांना पांगले.

फ्लॅट विकत घ्यायची चाल कशी पडली, तेही समजून घ्या. 1947 च्या भाडे कायद्यानं मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूंना आधार झाला, पण भाड्यासाठी इमारत बांधणं मालकाला परवडेना. मग बांधून विकणं सुरू झालं. त्यात फसवणूक होऊ लागली. म्हणून 1960 साली सहकारी संस्थांचा कायदा आणि 1963 साली मालकी फ्लॅटचा कायदा झाला. करार नोंदवा, सोसायटी स्थापन करा, जमीन सोसायटीच्या नावे करून द्या, ही बंधनं त्यात आली. 2017 पासून महारेराची नोंदणी आली. बिल्डर पैसे मागायला आला की आधी महारेराचा नंबर विचारायचा आणि चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आत पाय ठेवायला खरी जागा किती, ते विचारायचं.

आमच्या घरात इथंच गाडी अडली. कराराचा मसुदा आला, त्यात नाव एकट्या दिरांचं. मी विचारलं, हिचं नाव कुठंय? दीर म्हणाले, "वहिनी, तिचं नाव कशाला? ती कुठं जाणार आहे?" जाऊ एरवी माझ्यासमोरसुद्धा मोठ्यानं बोलत नाही. ती म्हणाली, "कुठं जाणार नाही, म्हणूनच घाला." दोन दिवस घरात अबोला होता. मग सासूबाईंनीच तोंड उघडलं. म्हणाल्या, "चाळीस वर्षं हे घर मी सारवलं. भिंत पडली, मी लिंपली. कागदावर माझं नाव कुठंय?"

खरंच नव्हतं. शासनानं 2003 सालीच सांगितलंय की गावातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीत नवरा-बायको दोघांच्या नावे करावी. मी स्वतः गटात हे दहादा सांगितलं असेल. पण स्वतःच्या घराचा नमुना 8 चा उतारा उघडून बघितला नव्हता. ती चूक माझी. आता ती नोंद सासूबाईंच्या नावासह झाली. हप्त्याला हातभार म्हणून दीर आपला वाटा विकायचं म्हणत होते. तो विचारही थांबला. फ्लॅटचा करार दोघांच्या नावे झाला. कर्ज वीस वर्षांचं आहे. हप्ता फिटेपर्यंत माझ्या पुतणीचं लग्नाचं वय होईल. मग त्या वीस वर्षांच्या काटकसरीत जिचा वाटा, तिचं नाव कागदावर नको?

एक ध्यानात ठेवा. 1 एप्रिल 2021 पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दोघांच्या नावे घेतलं तर ती मिळत नाही. आपल्या घराला काय सोयीचं, ते सही करायच्या आधी बसून ठरवा. सही झाल्यावर नाही.

आता जाऊ कशी आहे? पहिले तीन महिने वाईट गेले. दार लावलं की कुणी येत नाही. धुणं घरातल्या मोरीत, त्यामुळं नळावर गाठ पडत नाही. कुरडया कुठं घालायच्या ते कळेना. रात्री फोन करायची, "ताई, इथं भिंतीला भिंत आहे, पण आवाज नाही." मी तिला मुंबईतल्या गिरगावची गोष्ट सांगितली. 1959 साली तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बाया जमल्या. 80 रुपये उसने घेतले आणि पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ते पुढं लिज्जत पापड झालं. त्यांनाही ओटा नव्हता, परसदार नव्हतं. गच्ची होती.

उन्हाळ्यात जावेनं सोसायटीला विचारून गच्चीवर कुरडया घातल्या. राखायला शेजारची आली, तिच्या मागं खालच्या मजल्यावरची आली. एक बीडची, एक जामखेडची, एक बिहारची. आता पाच जणी दर रविवारी जमतात, शंभर शंभर रुपये काढतात. बैठक, बचत, कर्ज, परतफेड, वही. आपली पंचसूत्री तिसऱ्या मजल्यावर पोचली.

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 फुटांतून 500 फुटांत. शंभर वर्षांनी दाराच्या आत संडास आला, आणि सगळ्यांची लांब गॅलरी मागं राहिली. त्या बायांनाही आता आपल्या जावेसारखं पहिलं दार वाजवावं लागेल.

जावेचं नाव आम्ही गटातून कमी केलं, कारण नियम सगळ्यांना सारखा. तिची बचत व्याजासकट तिच्या हातात दिली. तिनं त्यातूनच नव्या गटाची वही आणि शिक्का घेतला. सासूबाई दिवाळीला तिकडं जाऊन आल्या. परत आल्यावर मावशींनी विचारलं, डबा कसा आहे? म्हणाल्या, "डबा नाही बाई. दारावर दोघांचं नाव आहे."

मैत्रिणींनो, उद्या सकाळी एक काम करा. ग्रामपंचायतीत जा आणि आपल्या घराचा उतारा काढून बघा. पुढच्या बैठकीत तो सोबत आणा.