सिप्रियन, ऑगस्टीन आणि ख्रिस्ती माणसाचे अश्रू

प्रेतविधीच्या वेळी शोक करणाऱ्या आप्तांस, रडू नका, आपणांस पुनरुत्थानाची आशा आहे, असे सांगण्याचा परिपाठ आपल्या मंडळ्यांत जुना आहे. या उपदेशाची एक मुळी तिसऱ्या शतकातील उत्तर आफ्रिकेत सापडते आणि त्याची दुरुस्तीही त्याच भूमीत झाली, असे आम्हांस वाटते.

इ. स. २५० च्या सुमारास रोमन साम्राज्यात भयंकर मरी पसरली. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी त्या काळात 'मर्त्यतेविषयी' हा छोटा ग्रंथ लिहिला. अतिसार, न थांबणारी वांती, घशातील व्रण, रक्ताळलेले डोळे, सडणारे हातपाय, बहिरेपण, अंधत्व ही लक्षणे त्यांनी इतकी बारकाईने नोंदविली आहेत की, इतिहासकार त्या साथीस 'सिप्रियनची मरी' असेच म्हणतात. डेसियसचा छळ नुकताच ओसरला होता. मूर्तिपूजकांबरोबर आम्हीही का मरावे, असे श्रद्धावंत विचारीत होते. काहींना तर रक्तसाक्षी होण्याची संधी आता मरीच हिरावून घेणार, याची खंत होती! सिप्रियन यांचे उत्तर असे की, देह आहे तोवर सर्वांचा वाटा सारखाच. अवर्षण पडले म्हणजे ते सर्वांवरच पडते, जहाज फुटले म्हणजे त्यातील सर्वच बुडतात. मृत बांधव गमावलेले नाहीत, केवळ पुढे गेले आहेत. त्यांची ओढ वाटावी, पण विलाप करू नये. त्यांनी तेथे शुभ्र वस्त्रे परिधान केली असता आपण येथे काळी घालू नयेत.

हे शब्द कठोर खरे. पण ते रिकाम्या हातांनी उच्चारलेले नव्हते. त्यांचे चरित्रकार पाँटियस सांगतात की, सिप्रियन यांनी लोकांस एकत्र करून केवळ स्वकीयांचीच नव्हे, तर परधर्मीयांचीही सेवा करण्यास लाविले. १४ सप्टेंबर २५८ रोजी स्वतःच्या शिरच्छेदाची शिक्षा ऐकताच त्यांनी देवाचे आभार मानिले. आजाऱ्याच्या खाटेजवळ कधी न बसलेल्या उपदेशकाने सिप्रियन यांचे वाक्य उसने घेऊ नये, असे आम्ही स्पष्टच म्हणतो.

पुढे सुमारे १३० वर्षांनी, इ. स. ३८७ मध्ये, त्याच आफ्रिकेचा एक पुत्र ओस्तिया बंदरात आईच्या शय्येजवळ उभा होता. मोनिकाचे वय छप्पन्नाच्या घरात, ऑगस्टीनचे तेहतिसाच्या. तिचे डोळे मिटताच नातू अदेओदातुस याने हंबरडा फोडला, तेव्हा सर्वांनी त्यास आवरले. आशेने मेलेल्या स्त्रीसाठी आक्रोश शोभत नाही, असे तेथील सर्वांनाच वाटत होते. एवोदियुसने स्तोत्र गाण्यास आरंभ केला. ऑगस्टीनने अश्रू बळाने मागे लोटले, दफनाच्या वेळीही तो रडला नाही. मन हलके व्हावे म्हणून त्याने स्नान केले. दुःख मात्र धुऊन गेले नाही. अखेर झोपेतून उठल्यावर, एकांतात, देवासमोर त्याने अश्रूंना वाट करून दिली. पुढे बिशप झाल्यावर 'कबुलीजबाब' या ग्रंथात त्याने हे सारे लिहून ठेविले; या अश्रूंत कोणास पाप दिसलेच, तर त्याने हसू नये, आपल्या पापांसाठी रडावे, अशी विनंतीही केली.

हा अनुभव त्याच्या शिकवणीत उतरला असावा. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातील चौथ्या अध्यायावर उपदेश करताना तो प्रेषिताच्या शब्दांतील भेद दाखवितो: पौलाने खेद करण्यास मनाई केलेली नाही, आशाहीनांसारखा खेद करण्यास केली आहे. वियोग अटळ म्हणून आपण खिन्न होतो, पुनर्भेट निश्चित म्हणून सांत्वन पावतो. दोन्ही एकाच हृदयात राहू शकतात. प्रभूने स्वतः लाजराच्या कबरेपाशी अश्रू ढाळले, हे आपण प्रत्येक प्रेतविधीत वाचतो आणि लगेच विसरतो!

मोनिकाची पूर्वी पतीशेजारी पुरले जाण्याची फार इच्छा होती. शेवटच्या दिवसांत ती म्हणाली की, देह कोठेही ठेवा. फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. तिच्या कबरेवरील लेखाच्या शिळेचा एक तुकडा ओस्तिया येथे १९४५ मध्ये, जमीन खणताना, सापडला.